म्हात्रे आणि पोटातले कामगार

आमचे शेजारी दत्ताराम म्हात्रे माणूस भेटला की "कसे आहात?" असं विचारत नाहीत. "आज कशी झाली?" असं विचारतात.

काय झाली, ते मी लिहिणार नाही. मीरा, नील, तुम्ही माझी भाचरं, दोघंही सुज्ञ आहात. पण आमच्या रोह्याजवळच्या वरश्याच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंना त्यांनी जिन्यात हा प्रश्न विचारला, तेव्हा त्या बिचारीला वाटलं, मुलीच्या दहावीच्या परीक्षेबद्दल विचारतायत. ती म्हणाली, "अजून निकाल लागायचाय."

म्हात्रे गंभीर झाले. "किती दिवस झाले?"

"महिना होत आला."

म्हात्र्यांनी कठडा धरला. संध्याकाळी त्यांनी त्या घरी पपई पाठवून दिली.

असल्या माणसाच्या शेजारी मी गेली अकरा वर्षं राहते आहे. मधली भिंत चार इंचांची आहे.

म्हात्रे धाटावच्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं होते. "कंपनीत होतो" एवढं सांगून ते थांबले असते तर कोणाची तक्रार नव्हती. ते थांबत नाहीत. ते सांडपाण्याच्या टाकीवर होते. कारखान्याचं घाण पाणी नदीत सोडण्याआधी एका मोठ्या उघड्या टाकीत घेतात. त्या टाकीत मुद्दाम वाढवलेले जिवाणू असतात. ते घाण खातात आणि पाणी निवळतं. या जिवाणूंना शेण, गूळ, युरिया असं वरून घालावं लागतं आणि खालून पंपाने हवा सोडावी लागते. ते सगळं म्हात्रे करायचे. नुसत्या वासावरून ते आतल्यांची तब्येत सांगायचे म्हणे. जिवाणूंना ते जिवाणू म्हणत नसत. ते त्यांचे "कामगार".

"बाई, चोवीस तास ड्युटी. ओव्हरटाईम नाय, बोनस नाय, युनियन नाय. म्हणून त्यांना कोणी इचारत नाय," असं ते डोळे ओले करून सांगायचे. मी म्हणायचे, "म्हात्रे, चहा निवतोय."

ते निवृत्त झाले आणि मला वाटलं, सुटले. पण एके दिवशी ते मोबाइल घेऊन दारात उभे राहिले. "बाई, ह्यो गोरा इंग्रजीत काय बोलतोय, बघा जरा." मी शाळेत इंग्रजी शिकवत होते याची शिक्षा म्हणून सगळी आळी विम्याचे कागद आणि औषधांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे आणून टाकते. त्या व्हिडिओतला माणूस आतड्यातल्या जिवाणूंबद्दल बोलत होता. आणि नेमका त्याच आठवड्यात, मीरा, तू मला त्याच विषयावरचा लेख पाठवला होतास. मी चष्मा लावला आणि म्हात्र्यांना तो लेख मराठीत समजावून सांगितला. आयुष्यात मी ज्या मोजक्या चुका केल्या, त्यातली ही एक.

लेख चांगला होता. आपल्या मोठ्या आतड्यात अगणित जिवाणू राहतात. आपल्याला न पचणारा चोथा, म्हणजे डाळींची सालं, पालेभाज्यांचे धागे, भरड धान्य, हे त्यांचं अन्न. ते खाऊन ते जी आम्लं तयार करतात त्यांवर आतड्याचं अस्तर पोसतं. चोथा मिळाला नाही तर त्यांची घडी बिघडते, आणि मधुमेह, लठ्ठपणा, हृदयविकार अशा न लागणाऱ्या पण न सोडणाऱ्या आजारांशी त्या बिघाडाचं नातं दिसतं. नातं दिसतं, एवढंच. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे अजून पुरतं ठरलेलं नाही, असंही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ते वाक्य मी दोनदा वाचून दाखवलं.

म्हात्र्यांनी ते एकदाही ऐकलं नाही. ते उभे राहिले होते. "म्हंजे टाकीच की वो!"

त्या दिवसापासून तोंड "इनलेट" झालं. दुसरं टोक काय झालं ते सांगायला नको. जेवणावळीतली जिलबी "शॉक लोड", म्हणजे टाकीवर एकदम पडणारा घाणीचा मारा, झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ते स्वतःच्याच दारात उभं राहून येणाऱ्या सवाष्णींना सांगत होते, "तिळगूळ घ्या, गोड बोला, पण कामगारांचा इचार करा." कुंदाने त्यांना हात धरून आत नेलं.

कुंदा म्हणजे त्यांची बायको, आणि या सगळ्या वेडाचं मूळ. तिला पंधरा वर्षं मधुमेह आहे. मुंबईत असलेल्या मुलीला सांगायचं नाही, असं तिने सगळ्यांना बजावलेलं. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या पायांची जाण जायला लागली. एकदा चपलेत खडा घेऊन ती दिवसभर हिंडली आणि संध्याकाळी लादीवर रक्त दिसलं तेव्हा तिला कळलं. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या आता पुरत नाहीत, इन्सुलिनची सुई सुरू करू.

कुंदा नाही म्हणाली. तिचं माहेर पेणजवळच्या जोह्याचं. तिच्या आईला अशीच सुई लागली होती आणि वर्षाच्या आत पाय कापावा लागला होता. कुंदाच्या हिशेबी तो पाय सुईने खाल्ला.

मी तिला समजावलं, "अगं, सुई उशिरा लागली म्हणून पाय गेला. उलटं आहे ते."

"बाई, तुमचा इंग्रजीतला खरा असंल," ती म्हणाली, "पण पाय माझे आयचा गेला."

डॉक्टरांनी शेवटी एक महिना दिला. गोळ्या चालू ठेवायच्या, पथ्य कडक करायचं, महिन्याने रक्त तपासायचं. साखर पुरेशी उतरली नाही तर सुई. म्हात्र्यांनी हे ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी कळा आली तिचं वर्णन मी आजवर टाकीच्या गोष्टींमध्येच ऐकलं होतं. एक महिना, एक बिघडलेली टाकी, आणि वर साहेब बसलेला.

पहिल्या आठवड्यात आमच्या आळीला ढेकरांनी जाग यायला लागली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, लांबलचक, एकापाठोपाठ एक. मी कुंदाला विचारलं, पोट बिघडलंय का? ती रडकुंडीला आली. "हे सांगतात, जेवल्यावर शंभर वेळा हवा गिळ. टाकीला हवा लागते म्हणे."

मी म्हात्र्यांना बोलावून घेतलं आणि लेखातली ओळ बोटाने दाखवली. आतड्यातले बहुतेक जिवाणू हवेशिवाय जगतात. त्यातल्या पुष्कळांना हवा लागली की ते मरतात.

म्हात्र्यांनी त्या इंग्रजी ओळीवर स्वतःचंही बोट ठेवलं. "म्हंजे... शेप्टिक टँक?"

"हो."

तुम्हाला समजणार नाही, पण टाकीवरच्या माणसांत हवेची टाकी चालवणारा उच्च आणि संडासाच्या टाकीवाला नीच. आमच्यात जेवढ्या जाती आहेत तेवढ्या त्यांना पुरल्या नव्हत्या. म्हात्र्यांनी दोन दिवस जिन्यात कोणाला "कशी झाली?" असं विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सावरले. "काय हरकत नाय. कामगार ते कामगार. डिपार्टमेंट बिनहवेचा का असंना."

मग खाण्यावर आले. इथे मात्र मला बोलता येईना, कारण ते जे करत होते ते बरोबर होतं. मैदा गेला, बिस्किटं गेली. वालाचं बिरडं, नाचणीची आंबील, शेवग्याचा पाला, केळफूल, भाताच्या जागी भाकरी. वाल सोलायला ते स्वतः बसत. प्रत्येक पदार्थाआधी आणि नंतर कुंदाच्या पोटाची वहीत नोंद. खिडकीत एक लिटरचा काचेचा उभा मोजनळा ठेवून त्यात ताक ओतायचं आणि घड्याळ लावून अर्ध्या तासात किती साका खाली बसतो ते बघायचं. कशासाठी? "टाकीचं असंच बघतात." बरं, ताकावरून काय कळलं? "ताक चांगला हाय."

विद्वानांच्या सभेत असली उत्तरं मी पुष्कळ ऐकली आहेत, पण तिथे निदान चहाबरोबर सामोसा असतो.

दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या डोक्यात "शीड" शिरलं. टाकी मेली की दुसऱ्या कंपनीच्या चांगल्या टाकीतला गाळ टँकरने आणून ओततात. ते शीड, म्हणजे इंग्रजी "सीड", बियाणं. म्हणजे कुंदाच्या पोटात ओतायला एखादं उत्तम पोट शोधायला हवं. म्हात्रे आळीतल्या एकेका म्हाताऱ्याकडे पारखून बघायला लागले. माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि पुढे गेले. मला अपमान वाटला की सुटका, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटी त्यांना कोणीतरी नदीपलीकडच्या कातकरवाडीतल्या सोमी आजीचं नाव सांगितलं. ऐंशीच्या पुढची, डोक्यावर मोळी घेऊन चढ चढते, साखर नाही, बीपी नाही. म्हात्रे निघाले. हातात धुऊन वाळवलेली लोणच्याची बरणी.

कुंदा धावत माझ्याकडे आली. "बाई, तुमी जा वो संगती. हे कायतरी बोलतील नि मार खातील."

मी गेले. सोमी आजी अंगणात वालाच्या शेंगा निवडत बसली होती.

"आजी, वय काय तुमचा?" म्हात्रे.

"माझ्या वयाचा आंबा व्हता तिकडं. औंदा पडला तो."

"खाता काय?"

"गावंल ते."

"गोळ्या-बिळ्या?"

"दिल्यास तर खाईन."

मग म्हात्र्यांनी बरणी पुढे ठेवली आणि तिला सगळं समजावून सांगितलं. टाकी, गाळ, टँकर, कुंदाचं पोट, काही सोडलं नाही. मी रस्त्याकडे बघत उभी होते. सोमी आजीचे हात थांबले. तिने मला विचारलं, "बाय, ह्यो तुजा घोव?"

"नाही!" मी एवढ्या मोठ्यांदा म्हणाले की कोंबड्या पळाल्या.

"मंग बरा हाय." ती म्हात्र्यांकडे वळली. "लोका येतात रं आमच्याकडं. लाकडा मागाया येतात, जागा मागाया येतात, मता मागाया येतात. ह्ये मागाया तूच पयला."

म्हात्रे हात जोडून म्हणाले, "आजी, तुमचा पोट लय चांगला हाय."

"पोट चांगला हाय," आजी म्हणाली, "त्यात घालाया रोज नाय."

म्हात्र्यांनी जोडलेले हात खाली घेतले. एक गोष्ट मी इथे लिहून ठेवते. निरोगी गरिबांच्या थाळीचे गोडवे गाणारे लेख मी बरेच वाचले आहेत. त्यांपैकी एकाही लेखकाने सोमी आजीला विचारलेलं दिसत नाही. आजीने उठून म्हात्र्यांच्या बरणीत शेंगा भरल्या. "बायकोला घाल. नि भांडा धुवून घेस, त्यात काय घालाया आनला व्हतास ते देवाला ठावं."

परत येताना मी त्यांना सांगितलं, मोठ्या इस्पितळांत एका वेगळ्याच चिवट जुलाबाच्या रोगावर हा उपाय खरंच करतात, निरोगी माणसाच्या पंचवीस तपासण्या करून. मधुमेहावर नाही. आणि लोणच्याच्या बरणीतून तर नाहीच. पुढच्या आठवडी बाजारापासून सोमी आजीच्या शेंगा, कंद, पाला जे काही असेल ते सगळं म्हात्रेच विकत घ्यायला लागले. घासाघीस न करता. मला वाटलं होतं तेवढा हा माणूस बिनडोक नाही, अशी शंका मला तेव्हा पहिल्यांदा आली. मी ती झटकून टाकली.

झटकली ते बरंच झालं, कारण तिसऱ्या रविवारी मला कुंदाच्या गोळ्यांच्या पाकिटात तीन गोळ्या जास्त दिसल्या. दर रविवारी मी ती पाकिटं बघत असे. मला कोणी सांगितलं नव्हतं. कुंदाने मान खाली घातली. म्हात्रे म्हणाले, "बाई, त्या गोळीनं हिचा पोट ढवळतो. कामगार मरत असतील आतले. टाकीची घडी नुकती बसायला लागलीय..."

मी शाळेत पस्तीस वर्षांत वर्गावर कधी ओरडले नाही. त्या दिवशी ओरडले. "म्हात्रे, टाकी फुटली तर कंपनी दुसरी बांधते. कुंदा तुम्हाला दुसरी मिळायची नाही."

त्यांनी तांब्याभर पाणी आणलं, गोळी सोलली आणि कुंदाच्या हातावर ठेवली. पोट ढवळतं हे डॉक्टरांना फोन करून मीच सांगितलं. त्यांनी जेवणानंतर घ्यायला सांगितली आणि ढवळणं कमी झालं. एका फोनचं काम होतं. पण फोन करायचा सोडून माणसं सिद्धांत मांडतात.

महिना संपला. रोह्याहून सकाळच्या एस.टी.ने आम्ही तिघं पेणला गेलो. म्हात्र्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वही छातीशी धरली होती. डॉक्टर तरुण आहेत, पण बोलायला बरे. त्यांनी रिपोर्ट वाचला, चक्क वहीही चाळली. म्हणाले, "काका, साखर उतरली आहे. खाणं फार चांगलं सांभाळलंय तुम्ही. हे असंच आयुष्यभर चालू ठेवा. पण पुरेशी उतरली नाही. इन्सुलिन आजच सुरू करू."

"डॉक्टर, टाकी बसायला टाईम लागतो. अजून दोन म्हयने द्या."

"पाय दोन महिने थांबायचे नाहीत, काका."

म्हात्रे उठून बाहेर आले आणि बाकावर बसले. मी मागोमाग गेले. खरं तर मी दोन-चार वाक्यं तयार ठेवली होती. कधीपासून म्हणत होते, वगैरे.

तेच बोलले, समोरच्या भिंतीकडे बघून. "बाई, गणपतीत कंपनी बंद असायची. प्रॉडक्शन बंद म्हंजे टाकीत येणारं बंद. कामगार उपाशी मरतात. म्हणून मी पाची दिवस जायचो, गूळ घालायला. कोणी सांगितला नव्हता. पंधरा वर्षांमागं एका साली घरात गणपती, पावणे, हिचा उपास. ही ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. तेव्हाच्या शेजारणीनं रिक्षात घालून नेली. मी संध्याकाळी आलो तेव्हा कळला. तेव्हाच शुगर निघाली ना. डॉक्टरनं मला इचारला, ह्या रोज काय खातात?" त्यांनी मांडीवरची वही उलटी ठेवली. "टाकीचा मला तीस वर्षांचा पाठ, बाई. हिचा एक दिवसाचा सांगता येईना."

मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

आत सिस्टर कुंदाला इन्सुलिनचं पेन दाखवत होत्या. कुंदाने पदर पोटाशी आवळून धरला होता. मला बघून म्हणाली, "बाई, तुमी तर ही सुई रोज टोचून घेता. दुखतो का वो?"

"मुंगी चावल्यासारखं," मी म्हणाले.

"तुमाला काय दुखतच नाय, बाई," कुंदा म्हणाली, आणि पदर आणखी आवळला.

तेवढ्यात म्हात्रे आत आले. वही टेबलावर ठेवली आणि इस्त्रीच्या शर्टाची खालची बटणं काढली. "शिस्टर, आधी मला."

"काका, तुम्हाला शुगर नाही. तुम्हाला औषध देता येणार नाही."

"औषध नको. नुसती सुई."

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. म्हात्र्यांचं उघडं पोट माझ्यासमोर, आजूबाजूला चार पेशंट, आणि त्या बाईला वाटलं असणार की यांच्यात शहाणी मीच. मी म्हणाले, "द्या."

नवी रिकामी सुई टोचली. म्हात्र्यांचा चेहरा कसनुसा झाला. केमिकल कंपनीत आयुष्य काढलेला माणूस, डोळ्यांत चक्क पाणी आलं.

"दुखला?" कुंदाने विचारलं.

"दुखला," म्हात्रे म्हणाले. "थोडा. मंग नाय."

कुंदा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पदर सैल सोडला.

याला आता चार महिने झाले. कुंदाच्या पायाला जखम नाही. वाल सोलणं, आंबील, वही, सगळं चालू आहे, आणि जिन्यात भेटलेल्यांची चौकशीही. रोज सकाळी साडेसातला भिंतीपलीकडून कुंदाचा आवाज येतो, "तुमी आधी." मग थोडी शांतता. मग तिचं "दुखला?" आणि म्हात्र्यांचं "थोडा."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की तुम्ही रोज रिकामी सुई टोचून घेण्याला वैद्यकीय अर्थ काडीचा नाही.

"म्हाईत हाय ना, बाई."

"मग कशाला?"

"तिनं एकटीनं कशाला टोचून घ्यायचा?" म्हात्रे म्हणाले, आणि मला विचारलं, आज कशी झाली.

माझी सुईची वेळ इतकी वर्षं सकाळी सातची होती. हल्ली मी ती साडेसातची केली आहे. डॉक्टरांना विचारून.